हिल्केबाई खारेपाटात

मुलांसाठी लिहिणाऱ्या बाईला आपल्याकडे सगळे एकच प्रश्न विचारतात. "मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" जणू मी अजून तीनचाकी सायकलवर आहे आणि एखाद्या दिवशी कुणीतरी मला स्कूटरचं लायसन देणार आहे. माझ्या सासूबाई हाच प्रश्न चुलीपाशी बसून विचारायच्या. "पोरांचाच लिवतस, मोठ्यांचा येत नाय का गो तुला?" त्यांना मी माफ केलं. त्यांनी माझी दोन पुस्तकं नातवाकडून वाचून घेतली होती आणि दुसरं भिकार आहे असं तोंडावर सांगितलं होतं. ते भिकारच होतं. प्रश्न विचारणारे विद्वान मात्र एक अक्षर न वाचता "गोड लिहिता हं तुम्ही" म्हणतात, आणि आता हे आपल्या हातावर लिमलेटची गोळी ठेवणार की काय अशी मला भीती वाटते.

मी माहेरची रोह्याची, सासरची पेणची. पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतात, पापड आठवतात. लेखक कुणालाही आठवत नाही, आणि कामाला ते फार सोयीचं पडतं.

आमच्या धंद्यातली गोम अशी, की पुस्तक वाचतो एक आणि विकत घेतो दुसरा. वाचतं मूल. विकत घेतात बाप, मावशी, मुख्याध्यापक आणि खरेदी समिती. या मंडळींना गोष्ट नको असते, औषध हवं असतं. एका मुख्याध्यापकांनी माझं बाड परत केलं.

"मॅडम, सगळं ठीक आहे, पण बोध कुठाय?"

"सर, यात एका बेडकाला शिंक येते. एवढंच आहे."

"मग शेवटी बेडूक रुमाल वापरतो असं टाका की."

एक गृहस्थ घरी आले होते. त्यांचा मुलगा दुधी खात नव्हता. दुधी न खाणाऱ्या मुलाचं वाईट होतं अशी गोष्ट त्यांना हवी होती. "किती वाईट?" मी विचारलं. ते म्हणाले, "थोडं जास्तच करा." मी गोष्ट लिहिली. त्यात दुधी त्या मुलाच्या वडिलांना खातो. गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत. मुलाने मात्र ती गोष्ट वर्गात सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. माझ्या कारकिर्दीतला तो एक मोठा सन्मान.

पण आज सांगायचंय ते हिल्केबाईंबद्दल. या नेदरलँड्समधल्या बालसाहित्यिक. त्यांचं आडनाव मी लिहीत नाही, कारण ते मला त्यांच्यासमोरही कधी उच्चारता आलं नाही. त्यांचं एका उर्मट बकरीचं पुस्तक मी इंग्रजीवरून मराठीत आणलं, तिथून आमची ओळख झाली. मेलवर शंका विचारता विचारता गप्पा सुरू झाल्या, आणि गप्पांमधून त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.

त्यांचा जन्म समुद्राच्या पातळीखाली वसलेल्या एका गावातला. बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा आणि आत शेती करायची, तसलं गाव. वडील बोटीवर. हिल्के पाच वर्षांची असताना बांध फुटला, पाणी आलं आणि तिचा मोठा भाऊ यान त्यात गेला. आईने आठवड्याच्या आत गाव सोडलं, ती शहरात बहिणीकडे राहिली, आणि मरेपर्यंत त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलली नाही.

हिल्के मोठी झाली, बिस्किटांच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली आणि जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्याच कागदांच्या पाठीवर पहिलं पुस्तक लिहिलं. त्यातली मुलगी खोटं बोलते, केक चोरते आणि शेवटी तिला काहीही शिक्षा होत नाही. प्रकाशकांनी परत केलं. "बोध कुठाय?" म्हणजे हा प्रश्न सातासमुद्रापलीकडेही चालतो! हे वाचल्यावर मला जो आनंद झाला, तो मी शब्दांत सांगू शकत नाही. शेवटी एका धाडसी माणसाने ते छापलं, आणि तिथली पोरं त्या केकचोर मुलीवर फिदा झाली. मग बकऱ्या, चेटकिणी, घोरणारे राजे. नवरा ट्राम चालवायचा, तो पहिला श्रोता. तो गेल्यावर बाई एकट्याच राहू लागल्या, पण लिहीत राहिल्या.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. पुस्तक छापायला देण्याआधी त्या ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवत. हातात पेन्सिल. डोळे कागदावर कमी, मुलांच्या बुडांवर जास्त. जिथे बूड हललं, तिथे खूण. घरी येऊन तेवढा भाग कापायचा. "तोंडं खोटं बोलतात," त्यांनी मला लिहिलं होतं, "बुडं बोलत नाहीत." साहित्याची इतकी नेमकी समीक्षा मी आमच्या एकाही परिसंवादात ऐकलेली नाही. तिथे बुडं हलतात भरपूर, पण खूण कुणी करत नाही.

पंचाईत अशी झाली, की बाई प्रसिद्ध झाल्या. शाळांच्या वाचनालयांना त्यांचं नाव लागलं. आता मुलं त्यांच्यासमोर गुडघे जुळवून बसतात आणि योग्य ठिकाणी डोळ्यांत पाणी आणतात. आणि नेमकी आता त्यांना खरी चुळबुळ हवी होती, कारण पंच्याहत्तरी उलटल्यावर त्यांनी आयुष्यभर टाळलेलं पुस्तक लिहिलं होतं. बांध फुटल्याचं. भावाचं. शेवटच्या प्रकरणात त्यांनी यानला परत आणला होता, सकाळी, होडीतून, कुत्र्याला मांडीवर घेऊन. तो तसा आला नव्हता. पुस्तकात त्याने यावं की न यावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "हे माझं शेवटचं पुस्तक आहे," त्यांनी लिहिलं. "यात मी खोटं बोलले, तर दुरुस्त करायला दुसरं नसेल."

मी कधीतरी त्यांना सांगितलं होतं, की आमच्या पेणच्या खाडीकाठी, खारेपाटात, अशीच बांधामागची गावं आहेत. मुंबईत एका पुस्तक महोत्सवाला त्यांना बोलावलं होतं, तेव्हा त्यांनी दोन दिवस काढले. म्हणाल्या, "मला ओळखत नाहीत अशी बांधामागची मुलं दाखव."

माझी चूक एवढीच झाली, की ही बातमी मी आमच्या तालुक्यातल्या एका साहित्यप्रेमी मंडळाच्या अध्यक्षांना चहा पिताना सांगितली.

अध्यक्ष म्हणजे उत्साहाचा धबधबा. त्याखाली उभं राहिलं की माणूस बुडतो. त्यांनी परस्पर रोह्याला एका शाळेत कार्यक्रम ठरवला. आम्ही पोचलो तेव्हा फाटकावर बॅनर होता. त्यावर अध्यक्षांचा फोटो ताटाएवढा, हिल्केबाईंचा बशीएवढा. व्यासपीठावर इतक्या खुर्च्या, की प्रमुख पाहुण्यांना बसायला शेवटची, खांबामागची मिळाली. दीपप्रज्वलन झालं. वाऱ्याने दिवा विझला, पुन्हा झालं. स्वागतगीत, शाल, श्रीफळ. मग भाषणं. आजचं मूल मोबाईलमध्ये हरवलं आहे, हे एकामागून एकाने सांगितलं आणि खाली बसल्या बसल्या मोबाईल काढला.

आणि मुलं? सगळी ओळीत, उन्हात, हाताची घडी आणि तोंडावर बोट. पापणीसुद्धा हलत नव्हती.

हिल्केबाई माझ्या कानाशी लागल्या. "यांच्या दातांना काही झालंय का?"

"नाही. याला आमच्याकडे शिस्त म्हणतात."

बाईंच्या वाट्याला आभारप्रदर्शनाआधीचा थोडासा वेळ आला. त्यांनी पहिलं प्रकरण इंग्रजीत वाचलं, मी शेजारी उभी राहून वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेले. मी त्या दिवशी कमाल केली. वारा झाले, लाटा झाले, कुत्रा होऊन भुंकले. एका पोराच्या तोंडावरचं बोट थरथरलं. लगेच मागून गुरुजी खाकरले आणि बोट जागेवर गेलं. शेवटी एका सुरात "थँक्यू मॅडम", आणि ठरलेल्या टाळ्या. हिल्केबाईंच्या कागदावर एकही खूण नव्हती.

मुख्याध्यापक अभिमानाने फुलले होते. "आठवडाभर सराव घेतला, मॅडम. कार्यक्रम संपेपर्यंत एक मूल हललं नाही!"

मी हे भाषांतरित केलं. आयुष्यात इतकं जड वाक्य मी दुसरं उचललेलं नाही. ती बाई समुद्र ओलांडून चुळबुळ बघायला आली होती, आणि आम्ही ती आठवडाभर खपून, मन लावून, समूळ काढून टाकली होती.

परत येताना गाडीत बाईंनी ते खुणा नसलेले कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाल्या, "मी आज भिंतीला गोष्ट सांगितली. भिंत चांगली होती."

गाडी चालवत होते हसनभाई. कुवेतमध्ये बरीच वर्षं ट्रेलर चालवून परतलेले, आमच्या घरच्या माणसासारखे. इंग्रजी त्यांना माझ्याहून बरं येतं. ते आरशातून म्हणाले, "ताई, तुमी अध्यक्ष सायबांना कशाला सांगितलात? उद्या माज्यासंगती चला. वडखळच्या पलीकडं खारेपाटात माजा दोस्त हाय. पन कोनाला फोन करायचा नाय. नायतर सायब शाल घेऊन येतील."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही चोरासारखे निघालो. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर तिथेही बॅनर लागेल. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, मधे मातीचा बांध आणि बांधाच्या पोटाशी गाव. हिल्केबाई गाडीतून उतरल्या, बांधावर चढल्या, दोन्हीकडे पाहिलं आणि चपलेने माती दाबून बघितली. जशी आपण दुसऱ्याच्या घरची पोळी दाबून बघतो तशी.

देवळाच्या ओट्यावर आम्ही बसलो. हसनभाईंनी नुसती हाळी दिली, "चला रे, गोरी बाय गोष्ट सांगते!" आणि पोरं आली. कुणी ओलं, कुणी अर्धा पेरू खात, एकीच्या काखेत कोंबडी. पुढे बसली ती रेश्मा, चौथीतली, दोन वेण्या आणि वकिलाची नजर.

"मॅडम, ही बाय किती वेल सांगनार?" तिने आधीच विचारलं. "मना पानी भरायचा हाय."

बाई वाचू लागल्या, मी सांगू लागले. आणि काय सांगू तुम्हाला, बुडं हलली! पवनचक्कीचं वर्णन आलं, तेव्हा तिघं उठून पतंगामागे गेले. आजीच्या पडद्यांचा परिच्छेद आला, तेव्हा कोंबडी सुटली आणि तिला पकडायला निम्मी सभा धावली. मी घामाघूम. कारण ही पोरं बाईंच्या वाक्यावर उठतायत की माझ्या मराठीवर, हे कोण सांगणार? हिल्केबाई मात्र आनंदाने लाल झाल्या होत्या. पेन्सिल सपासप चालली होती. पवनचक्की गेली, पडदे गेले. त्यांनी त्यावर किती महिने घालवले असतील कोण जाणे, पण खूण करताना हात एकदाही अडखळला नाही. आमच्याकडे एक विशेषण काढा म्हटलं तर लेखक प्रकाशकाशी बोलणं सोडतात.

मग पाण्याचं प्रकरण आलं. आणि पोरं एक एक करून परत येऊन बसली.

पाणी स्वयंपाकघरात शिरलंय. बाप बोटीवर आहे. आई सामान माळ्यावर चढवतेय. अंगणापलीकडच्या गोठ्यात कुत्रा रडतोय आणि त्याच्यासाठी लहान बहीण रडतेय. यान तिच्या केसांवरून हात फिरवतो, "आलोच" म्हणतो, बापाचे बूट घालतो, दारामागचं फावडं घेतो आणि पाण्यात उतरतो. कुत्र्याला आणायला.

"फावडा कशाला?" रेश्मा म्हणाली.

मी थांबले. "काय?"

"कुत्र्याला आनायला फावडा कशाला? कुत्र्याला काय खनून काढायचा हाय?"

पोरं हसली. पेरूवाल्याने तोंड पुसलं. "अगो, तो कुत्र्याकडं नाय गेला. खांड गेली ना! तो खांडीव गेला."

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. मी रोह्याची, डोंगराकडची. शब्द माहीत होता, पण त्यामागचा रिवाज मला त्या दिवशी त्या पोरांनी शिकवला. खांड गेली की घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन बांधावर जातो. रात्र असो, पाऊस असो. ज्या घरातून कुणी जात नाही, त्या घराशी गाव बोलत नाही.

"पन तो तर पोरगाच हाय," मागून एक जण म्हणाला.

"मंग?" रेश्मा त्याच्यावर खेकसली. "बापूस बोटीव हाय ना तेचा! घरात दुसरा बाप्या कोन हाय? तोच जानार. बहीन रडत व्हती म्हनून कुत्र्याचा सांगितलान. आमचा दादा पन मना असाच फसवतो."

हिल्केबाई माझ्याकडे बघत होत्या. "काय म्हणतात? कंटाळली का?"

मी सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. फावडं, खांड, घरटी एक माणूस, बापाच्या जागी तो.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कागदावर त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे फावडं मी रचलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ते मला दिसलं होतं. तो बाहेर जाताना ते दाराच्या चौकटीला लागलं, आवाज झाला. म्हणून लिहिलं. कशासाठी होतं ते मी स्वतःला कधी विचारलंच नाही."

तोवर पोरांचा धीर सुटला होता. "मंग आला का परत?"

हिल्केबाईंच्या मांडीवर शेवटचं प्रकरण होतं. होडी, सकाळ, कुत्रा, सगळं तयार. त्यांनी ते पालथं ठेवलं आणि मान हलवली. मी सांगितलं, "नाही आला."

एकही बूड हललं नाही. एकाही तोंडावर बोट नव्हतं.

"आनि फावडा?" रेश्माने विचारलं. "फावडा भेटला का?"

बाईंना ते माहीत नव्हतं. रेश्माला हे उत्तर फारसं पटलं नाही. ती उठली, परकर झटकला आणि पाणी भरायला गेली. पोरं पांगली. आभारप्रदर्शन झालं नाही.

वडखळला नेहमीप्रमाणे गाड्या खोळंबल्या होत्या. कंटेनरच्या मागे आम्ही उभे. हसनभाईंनी इंजिन बंद केलं. हिल्केबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आयुष्यभर मी त्याला कुत्र्यामागे पाठवत आले. माझ्या रडण्यामुळे."

मी म्हटलं, "मुलांचं खरं असेलच असं नाही."

"नसेल," त्या म्हणाल्या. "विचारायला कुणी उरलेलं नाही. पण फावडं खरं आहे."

मग त्यांनी पेन्सिल काढली आणि शेवटच्या प्रकरणावर, होडीवर, सकाळवर, सरळ एक रेघ मारली. गाड्या हलल्या. हसनभाईंनी गाडी चालू केली, आणि ते इंग्रजीत एवढंच म्हणाले, की बांधावर गेलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी हरवला म्हणत नाही.

अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी दिली, रोह्याच्या कार्यक्रमाची. परदेशी लेखिकेने विद्यार्थ्यांना संस्कारांचे महत्त्व पटवून दिले, असं त्यात होतं. बाईंनी कात्रण मागितलं. मी पाठवलं आणि खाली अर्थ लिहिला. त्यांचं उत्तर आलं, "हे मी कधी केलं?" मी कळवलं, "खांबामागे बसला होतात, तेव्हा."

पुस्तक तिकडे निघालं. आता शेवट असा आहे, की यान बांधावर पोचतो, माणसांच्या रांगेत उभा राहतो, शेजारच्या माणसाच्या हातातून पोतं घेतो आणि पुढच्याकडे देतो. पुढे कोरं पान. बाई हल्ली फारशा लिहीत नाहीत. मेल करतात. आवाज बसला आहे, असं शेवटच्या मेलमध्ये होतं.

मराठी भाषांतर मी केलं. पुण्याच्या प्रकाशकांकडे पाठवलं. त्यांचा परवा फोन आला.

"मॅडम, भाषांतर उत्तमच. पण तो शेवट. दिवाळीच्या तोंडावर मुलांच्या हातात मेलेला भाऊ कसा द्यायचा?"

"मेला असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये, पण परत आलेलाही दाखवला नाहीये. पालक विचारतील. मूळ लेखिकेची परवानगी काढा ना. एक छोटा परिच्छेद. सकाळ होते, भाऊ घरी येतो. आणि बंधुप्रेमावर दोन ओळी."

"तो बांधावर गेलाय, साहेब."

"ते कळलं हो. पण परत कधी येतो?"

"खांड बांधून झाली की," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.